परबची राखाडी गाडी आणि वहिनींची पांढरी साडी

सँडपेपर मारताना प्लास्टिकचा जो भुसा उडतो, तो झाडून कधी संपत नाही. संध्याकाळी गाळा लख्ख झाडून जा, सकाळी शटर वर केलं की तो आहेच, सगळ्यावर पातळ थर धरून. आमच्याकडे किस्स्यांचं तसंच होतं. मुद्दाम कोणी जमवत नाही. रोज माणसं येतात, आपापल्या गाड्या दाखवतात, चहा पितात आणि जाताना काहीतरी सांडून जातात. मी ते झाडायचा आळस केला, एवढंच.

गाळा नाहूर स्टेशनपासून चालत जाण्याएवढा. आम्ही दोघं पार्टनर, मी आणि परब. इंजिनाला आम्ही हात लावत नाही. आमचं काम बाइकच्या प्लास्टिकचं. मडगार्ड, साइड पॅनल, व्हायझर, आरशाची टोपणं. नवीन असताना काळंभोर असतं, मग मुंबईचं ऊन खाऊन राखाडी होतं, चुलीतल्या राखेसारखं. ते परत काळं करायचं. परब रंगवतो, मी बोलतो. गिऱ्हाईक म्हणतात, जास्त कष्टाचं काम परबचं आहे. त्यांनी मला दिवसभर ऐकलेलं नसतं!

पुढे जे सांगतोय त्यात तिखटमीठ माझं आहे. खालचा थर, प्रायमर, मात्र खरा आहे.

*

सुरुवात परबच्या स्वतःच्या गाडीपासून करायला हवी, कारण अख्ख्या नाहूरमध्ये सगळ्यात फिकट गाडी तीच होती. लोकांच्या गाड्या काळ्या करणारा माणूस रोज राखेच्या रंगाच्या गाडीवरून कामाला यायचा.

एकदा त्याच्या मेव्हण्याकडे, पार्ल्याला, वास्तुशांत होती. मेव्हणा जिभेचा तिखट. तो गाडीवरून बोलणार हे परबला माहीत होतं. रंगवायला वेळ नव्हता, म्हणून ह्याने निघायच्या आधी दोन्ही साइड पॅनलना बुटाचं काळं पॉलिश चोळलं. गाडी अशी चमकली की शेजारी विचारायला आले, नवीन घेतलीस का!

परबची बायको, आमच्या वहिनी, मागे बसल्या. माहेरची क्रीम रंगाची सिल्कची साडी. पार्ल्याला उतरल्या, जिना चढल्या, आणि दारात मेव्हण्याने पायापासून वर बघत सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "ताई, साडीला काळा काठ कधी लावून घेतलास?"

गुडघ्यापासून खाली वीतभर रुंद पट्टा. ड्रायक्लीनरने हात जोडले.

त्या संध्याकाळी वहिनी रिक्षाने घरी आल्या. दारातच त्यांनी जाहीर केलं, "परत या गाडीवर बसेन तर पांढरी साडी नेसून बसेन, आणि पार्ल्याला पांढरीच उतरेन. तोवर माझं माहेर आणि मी. तुमची गाडी तुम्हाला."

परब मालवणचा. घाबरला की आणखी मालवणी होतो. "अगो, पांढरी कित्याक? मी जित्तो आसंय अजून!"

"म्हणून तर सांगतेय," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून त्या पार्ल्याला रिक्षाने जायच्या, एकट्या. आणि दर खेपेला मेव्हणा विचारायचा, "भावजी नाही आले? रंग वाळत घातलाय का?" वहिनी घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं परबला ऐकवायच्या. पदरचं काही घालत नसत. गरजच नसायची.

तुम्ही म्हणाल, अरे, स्वतःचा गाळा, स्वतःचा रंग, एका रविवारचं काम! आम्हीही तेच म्हणत होतो.

*

पहिल्या रविवारी परबने गाडी धुऊन आत घेतली, तर दारात बोरिवलीचे एक काका. सत्तरीचे, भांग व्यवस्थित, केस काळेभोर. बोरिवलीहून नाहूरला बाइक चालवत आले होते.

"मडगार्ड लाल पडतंय हो," काका म्हणाले.

आम्ही वाकून बघितलं. काळं प्लास्टिक राखाडी होतं, हे माहीत होतं. लाल पडलेलं पहिल्यांदाच बघत होतो. विटकरी झाक होती, मेंदी लावल्यासारखी.

"काय लावलं होतं?"

काका इकडेतिकडे बघू लागले. मग म्हणाले, "दर पंधरा दिवसांनी वाटीत थोडं उरतं. टाकून कशाला द्यायचं?"

मी समजून गप्प बसलो. परबला गप्प बसता येत नाही. तो मडगार्डकडे बघतो, मग काकांच्या डोक्याकडे, परत मडगार्डकडे. उन्हात दोन्हीकडे तीच विटकरी झाक!

"काका," परब अगदी मनापासून विचारतो, "फक्त मडगार्ड करूचा, की दोनय?"

काका रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "टिकतं किती दिवस?"

मडगार्डमध्ये तो रविवार गेला. परबची गाडी धुतलेली तशीच राखाडी घरी गेली.

*

पुढच्या रविवारी घाटकोपरचा दळवी. औषध कंपनीचा फिरता माणूस, दिवसभर गाडी उन्हात. त्याला कोणीतरी सांगितलं, खोबरेल लाव, प्लास्टिक काळं होतं. होतं ना! संध्याकाळपर्यंत होतं. मग त्यावर धूळ बसते आणि गाडी पिठात लोळवल्यासारखी दिसते. दळवी हट्टी. रोज सकाळी देवाला दिवा, गाडीला तेल.

तर हा दळवी आला आणि म्हणाला, "उजवी बाजू करा. डावीला हात लावू नका."

डावी बाजू बघून परबने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आरसा हो! आम्ही दोन हजार नंबरच्या बारीक सँडपेपरने घासून, वरून पॉलिश मारून जे आणू शकत नाही, ते तिथे होतं. बोट फिरवलं तर घसरत होतं.

"कुणाकडून करून घेतलंस?" परबचा आवाज बदलला होता. धंद्यात प्रतिस्पर्धी आला की बदलतो तसा.

"शेजाऱ्यांचा बोकड," दळवी म्हणाला. "महिनाभर आमच्या दाराशी बांधला होता. गाडीची डावी बाजू त्याच्याकडे असायची. रोज खोबरेल चाटायचा."

"मग उजवी पण फिरवून ठेवायची!"

"ठेवली. त्या बाजूला सायलेन्सर आहे. पहिल्याच दिवशी नाक भाजलं, नंतर ढुंकून बघितलं नाही."

परब बराच वेळ डाव्या बाजूवरून हात फिरवत राहिला. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बोकड अजून थंयच आसा काय विचार. आपण गाळ्यात ठेवूया."

*

मग आला मुलुंडचा तो टॉवरमधला. नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. नवीकोरी गाडी घेऊन आला. शोरूममधून निघून आठवडा झाला असेल. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.

"काय करायचंय?" मी विचारलं.

"जुनी करायचीय."

"म्हणजे?"

"हे सगळं खूप काळं आहे ना यार. मला फेडेड पाहिजे. व्हिंटेज फील."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही ज्याच्याशी लढतोय, ते हा मागायला आला होता. मी त्याला समजावणार, एवढ्यात त्याचं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या परबच्या गाडीकडे गेलं. तो उठून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. फोटो काढले. उकिडवा बसून पॅनलवरून हात फिरवला.

"हा! एक्झॅक्ट हा शेड! कुठला शेड आहे हा?"

"नाहूरचा ऊन," परब म्हणाला.

आता ऐका. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या. तो म्हणाला, "भाऊ, बदली करू या? माझी नवीन पॅनल तुम्ही घ्या, तुमची मला द्या. आत्ताच्या आत्ता!"

मी मनात म्हटलं, सुटला परब! स्क्रू काढा, स्क्रू लावा, कोरी काळी गाडी. चहा संपायच्या आत वहिनींची अट पूर्ण. मी तर स्क्रूड्रायव्हर आणायला उठलोसुद्धा.

परब हलला नाही. "नको," म्हणाला.

मुलुंडवाला गेल्यावर मी परबला वाट्टेल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेव्हणो काय म्हणतलो? भावजींनी दुसऱ्याची काढून लावल्यानी! मी पेंटर आसंय. माझी गाडी मीच काळी करतलंय."

मी स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवला.

*

स्वाभिमान जागा झाला की परब तडकाफडकी कामाला लागतो. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याने हीट गन काढली. केस वाळवायच्या मशीनसारखी असते, पण हिची हवा पापड भाजेल एवढी गरम. फिकट प्लास्टिकवर मारली की आतला काळेपणा वर येतो. जादूच! अट एकच. हात सतत हलता ठेवायचा. एका जागी थांबलात की मेलात.

डावं पॅनल सुंदर होत आलं होतं. डोळ्यादेखत राखाडीचं काळं होत होतं. परब खूश. इतका खूश की त्याने डाव्या हाताने वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. "बघ गो! बघ कसा काळा होता ता!"

वहिनी बघत होत्या. परब वहिनींकडे बघत होता. पॅनलकडे कोणीच बघत नव्हतं.

"अहो," वहिनी फोनमधून म्हणाल्या, "ते वर का येतंय?"

परबने खाली बघितलं. पॅनलचं टोक उचललं गेलं होतं, वाकलं होतं आणि हळूहळू आतल्या बाजूला गुंडाळत चाललं होतं. तव्यावरच्या पापडासारखं. त्याने गन फेकली, फडक्याने दाबलं, फुंकर मारली, मालवणीत देवाचं नाव घेतलं. काही उपयोग नाही.

फोनमधला चेहरा आणखी जवळ आला. मग वहिनी म्हणाल्या, "आणखी एक भाजा. दोघांना पुरेल."

दोन दिवसांनी मुलुंडवाला परत आला, सहज. त्याने ते गुंडाळलेलं पॅनल बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हळूच मला विचारलं, "हे पण करून मिळेल?"

*

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून परबने दुसरं पॅनल आणलं. ते पहिल्यापेक्षा राखाडी! आता काम वाढलं होतं. त्यात माहुलचे हिराजी नाखवा आले.

हिराजी नाखवांची होडी आहे. माहुलला नारळी पुनवेच्या आधी होड्या रंगवतात, आणि डब्यात उरलेला रंग कोणी फेकत नाही. दाराला लागतो, खिडकीला लागतो, पाण्याच्या पिंपाला लागतो आणि बाइकला लागतो. त्यामुळे तिथे गाडीचा नंबर कोणी बघत नाही. पिवळी-निळी म्हणजे हिराजीची, हे लांबून कळतं.

पण हिराजींच्या मुलीचं सासर मुलुंडला, सोसायटीत. तिथला वॉचमन त्यांना दर वेळी गेटवर अडवायचा आणि म्हणायचा, "कुल्फीवाला अंदर अलाउड नहीं."

"परबा, कंपनीची काळी कर," हिराजी म्हणाले.

होडीचा रंग म्हणजे समुद्राशी भांडून टिकणारा. सँडपेपर संपले, आम्ही संपलो, तो संपेना. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली परत पिवळा. हिराजी स्टूल टाकून समोर बसलेले. प्रत्येक थर निघाला की ओळख पटवायचे. "हा निला... त्या सालाला पोरीचं लगीन झालं. हा हिरवा... त्या सालाला जालं फाटलं रं." परबचा हात जड व्हायला लागला. शेवटी तो म्हणाला, "नाखवा, तुमी जरा चाय पिऊन येवा. तुमच्यासमोर माका घासवत नाय."

असो. गाडी काळी झाली. झकास झाली. हिराजी घरी गेले, दारात गाडी लावली, जेवले आणि आत आडवे झाले.

संध्याकाळी त्यांच्या बायको, काशीबाई, बाजारातून टोपली घेऊन आल्या. बघतात तर बोंबील वाळत घालायच्या जागेवर कोणाचीतरी काळी गाडी! काशीबाईंनी गल्ली डोक्यावर घेतली. "कनाची रं ही गारी? आमच्या दारान कनी लावली?" कोणालाच ओळखू येईना. काशीबाईंनी दोन्ही चाकांची हवा सोडली. आवाजाने हिराजी उठून बाहेर आले. झोपेतच होते. त्यांनी गाडी बघितली आणि गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायकोपेक्षा चढ्या आवाजात! अख्खी गल्ली ऐकत होती.

मग शिव्या देऊन तोंड सुकलं म्हणून पाणी प्यायला वळले, कमरेला हात गेला आणि चावी लागली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी परत आली. सोबत पिवळ्या रंगाचा डबा. हिराजी परबला एवढंच म्हणाले, "तू रंगवशील तवा आधी बायकोला दाखव. मी नाय दाखवली."

*

परबने ते मनावर घेतलं. मेमध्ये मेव्हण्याने आमरसाचं जेवण ठेवलं तेव्हा त्याने आठवडाभर आधी शटर अर्धं ओढलं. मी बाहेर खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना परतवत बसलो. आत परबने पॅनल साबणाने धुतली, थिनरने पुसली, घासली, परत धुतली. प्रायमर, काळा, वरून पारदर्शक क्लिअरकोट. प्रत्येक कोटला वहिनींना बोलावून दाखवत होता. शेवटच्या दिवशी वहिनींनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, पॅनलवर जोर लावून घासला आणि उजेडात धरला. स्वच्छ!

"रविवारी अकराला तयार राहा," वहिनी म्हणाल्या.

मी परबच्या कामाचं कौतुक सहसा करत नाही, डोक्यावर बसतो. पण ती गाडी शोरूममध्ये नेऊन उभी केली असती तर तिथल्या गाड्यांनी मान खाली घातली असती.

रविवारी मी स्कूटर घेऊन त्यांच्या चाळीशी हजर. असा प्रसंग कोण सोडेल? अर्धी चाळ गॅलरीत. वहिनी खाली उतरल्या. पांढरीशुभ्र साडी, हिरवा बारीक काठ, डोक्यात गजरा. गाडी जिन्याखाली सावलीत, तिच्यावर चादर. चादरीवर परबचा हात.

परबने वर आकाशाकडे बघितलं. मग गाडीकडे. मग वहिनींकडे.

"ऊन लय आसा गो," तो म्हणाला. "नवीन कोट आसा. फिको पडतलो. आपण रिक्षान जाऊया?"

अर्धी चाळ कठड्यावरून पुढे वाकली. मी स्कूटरचं इंजिन बंद केलं.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी चादर ओढून काढली, घडी घातली, परबच्या हातात दिली. त्याच हातातली चावी घेतली. पदर खोचला, गजऱ्यावरून हेल्मेट घातलं, गाडीवर बसल्या आणि बटण दाबून पहिला गिअर टाकला.

वहिनींना गाडी येते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. परबलाही!

तो "अगो, अगो" करत धावला, मध्येच वळला, घरात गेला, आणि हेल्मेट अन् मोठी काळी छत्री घेऊन मागे बसला. उघडली. मला वाटलं बायकोवर धरेल. त्याने ती तिरकी करून उन्हाच्या बाजूच्या पॅनलवर धरली.

भांडुप गेलं, पवई आली. मी मागोमाग. ऊन फिरेल तशी छत्री फिरत होती. पवईच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला न राहवून म्हणाला, "अरे भाई, छाता मॅडम को दे!"

"मॅडम का कलर पक्का है!" परब ओरडला. सिग्नल सुटला.

पार्ल्याला मेव्हणा आणि त्याची बायको गेटवरच उभे. मेव्हण्याचं वाक्य तयार होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. वहिनींनी गाडी स्टँडवर घेतली, उतरल्या आणि भर रस्त्यात एक सावकाश गिरकी घेतली. मेव्हण्याची बायको चष्मा लावून जवळ आली. निऱ्या बघितल्या, मागची बाजू बघितली, काठ उलटून बघितला. पांढरी ती पांढरी!

मेव्हण्याचं तोंड उघडं होतं. वाक्य बाहेर आलं नाही. शेवटी म्हणाला, "भावजी, चला वर. रस काढलाय."

"तुमी जेवा," परब म्हणाला. "मी हंयच बरो आसंय."

"राहू दे त्यांना," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढल्या.

आम्ही वर जेवलो. मी रसाच्या तीन वाट्या घेतल्या, खोटं कशाला बोलू. मेव्हण्याचं जेवणात लक्ष नव्हतं. दर दोन घासांनी उठून गॅलरीत जायचा आणि खाली बघायचा. खाली रणरणतं ऊन, त्यात ती काळीशार गाडी, आणि तिच्यावर छत्री धरून परब. शेजारपाजारचे चारपाच जण गोळा झाले होते, गाडीला हात न लावता बघत होते.

मेव्हणा हात धुऊन खाली गेला. मी गॅलरीत आलो, वहिनीही आल्या.

कुंपणाशी मेव्हण्याची स्कूटर उभी होती. वर्षानुवर्षं तिथेच, उन्हात. तिचं पुढचं काळं प्लास्टिक राखेसारखं झालेलं. मेव्हणा तिच्याजवळ थोडा वेळ उभा राहिला. मग ती स्टँडवरून काढली, ढकलत ढकलत आणली आणि परबच्या छत्रीखाली, त्याच्या गाडीला खेटून लावली.

परबने मेव्हण्याकडे बघितलं. स्कूटरकडे बघितलं. वर गॅलरीत बायकोकडे बघितलं.

आणि छत्री चार बोटं स्वतःच्या गाडीकडे ओढून घेतली.